लेकराच्या मापाचं औषध

नांदेडला माझं माहेर आणि लातूरला सासर. दोन्हींकडचं ऊन सारखंच, पाण्याची ओढही सारखीच आणि आमच्या लहानपणी दुखणीही सारखीच. काही वर्षांपूर्वी मी चार दिवस माहेरपणाला नांदेडला गेले होते. दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती. तेवढ्यात दारात आशाताई येऊन उभ्या राहिल्या. हातात वही, पिशवीत गोळ्यांचे डबे. हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघर खाऊ घालण्याची मोहीम सुरू होती.

आधी त्यांनी सगळ्यांची जेवणं झालीत ना, ते विचारलं. रिकाम्यापोटी ही गोळी देत नाहीत. मग घरातल्या एकेकाचं वय वहीत पाहिलं. माझ्या भाच्याचं धाकटं दीड वर्षाचं. त्याला काहीच नाही. दोन वर्षांखालच्या लेकराला हे औषध देतच नाहीत. मधला चार वर्षांचा, त्याला एक गोळी. थोरली नऊ वर्षांची, तिला दोन. आम्हा मोठ्यांना तीन-तीन. आणि शिवाय सगळ्यांना जंताची एकेक गोळी, चावून खायची. घर एकच, औषध एकच आणि मापं मात्र चार! थोरलीला वाटलं, आपल्याला एक जास्त मिळाली म्हणजे आपण जिंकलो. चार वर्षांच्याने भोकाड पसरलं.

भाचेसून मात्र गप्प होती. लेकरू चांगलं खेळायलंय, खायलंय, त्याला कशाला उगाच औषध, असं तिचं म्हणणं. आमच्या वहिनींनी तर आपल्या तीन गोळ्या हळूच पदराच्या टोकाला बांधून टाकल्या. नंतर घेते म्हणाल्या. नंतर म्हणजे काय, ते बायकांना सांगायला नको. आशाताईंनाही ते ठाऊक होतं. त्या तिथेच ओट्यावर बसून राहिल्या.

आणि मला माझी आजी आठवली.

आजी देगलूरकडच्या एका खेड्यातली. तिचा उजवा पाय गुडघ्यापासून खाली सुजलेला, टणक, खरखरीत. आम्ही पोरं त्याला हत्तीपाय म्हणायचो, तिच्या मागे. ती लुगडं इतकं खाली नेसायची की पाऊल दिसू नये. लग्नाकार्यात ती पंगतीला कधी बसली नाही, स्वयंपाकघरातच राहायची. बोटं सुजत गेली, तशी त्या पायातली जोडवी रुतायला लागली. शेवटी सोनाराकडून कापून काढावी लागली. आजोबा तेव्हा धडधाकट होते. सवाशीण बाई आणि एका पायात जोडवी नाहीत, याचं तिला जे वाटलं असेल ते मला फार उशिरा कळलं. आपल्या हातून मागच्या जन्मी काहीतरी घडलंय, अशीच तिची समजूत होती.

घडलं होतं ते याच जन्मी आणि बहुधा लहानपणीच. घाण पाण्यात वाढणारा एक डास चावतो, त्याच्याबरोबर दोऱ्यासारख्या बारीक जंताची पिल्लं अंगात शिरतात आणि लसीकेच्या नळ्यांत घर करतात. बहुतेकांना ही लागण पोरवयातच होते. त्या वेळी काहीच दिसत नाही. लेकरू खेळतं, बागडतं, शाळेत जातं. पाय सुजतो तो दहा-पंधरा वर्षांनी, कधी त्याहून उशिरा. आणि एकदा पाय असा झाला की गोळीने तो पूर्वीसारखा होत नाही. गोळी रक्तातली पिल्लं मारते, एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी साखळी तोडते. म्हणून ती चांगल्या, हसत्याखेळत्या लेकराला द्यायची. भाचेसुनेच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

त्या गोळीचं नाव डीईसी. केंद्र सरकारने २००४ पासून देशभरातल्या हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत वर्षातून एकदा ती सगळ्यांना द्यायला सुरुवात केली. त्या यादीत आमचं नांदेडही होतं आणि लातूरही. पण ही गोळी शोधली कुणी, हे मला ठाऊक नव्हतं. लातूरला परतल्यावर वाचलं आणि चाट पडले. तो माणूस आमच्या देगलूर-बिलोलीच्या बाजारात कानावर पडते तीच तेलुगू बोलणारा निघाला. त्याचं नाव येल्लाप्रगडा सुब्बाराव. मैत्रिणींनो, आज त्यांचीच गोष्ट सांगायची आहे.

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५चा, आंध्रातल्या भीमावरमचा. घरात सात भावंडं. वडील महसूल खात्यात लहानशा नोकरीत, तीही आजारपणामुळे लवकर सुटलेली. आईचं नाव व्यंकम्मा. पोरगा अभ्यासात यथातथाच. तेराव्या वर्षी तो घरातून पळाला. काशीला जायचं, यात्रेकरूंना केळी विकायची आणि श्रीमंत व्हायचं, असा बेत! व्यंकम्माने माणसं पाठवून त्याला वाटेतून परत आणलं आणि पुन्हा शाळेत बसवलं. मॅट्रिकला तो दोनदा नापास झाला. तिसऱ्या खेपेला मद्रासला पाठवायचं तर पैसे हवेत. तेव्हा या बाईने अंगावरचं सोनं, मंगळसूत्रासकट, विकलं असं सांगतात. पोरगा पास झाला.

पुढे त्याच्या मनाने संन्यास घेतला. रामकृष्ण मिशनमध्ये जायचं म्हणून हटून बसला. आई नको म्हणाली. मिशनमधल्या वडीलधाऱ्यांनीही सांगितलं की आधी डॉक्टर हो, मग सेवा कर. असा तो मद्रासच्या मेडिकल कॉलेजात गेला. फीचे पैसे कुठून आणायचे? कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती या गृहस्थांनी मदत केली आणि त्यांचीच मुलगी शेषगिरी हिच्याशी १९१९ मध्ये सुब्बारावांचं लग्न झालं.

कॉलेजात गांधीजींचं वारं लागलं. शस्त्रक्रियेच्या वर्गात सुब्बाराव खादीचा कोट घालून उभे राहू लागले. इंग्रज प्राध्यापकांना ते खपलं नाही. लेखी परीक्षेत चांगले मार्क असूनही त्यांना एमबीबीएस न देता खालची एलएमएस पदवी दिली गेली. सरकारी नोकरीही नाकारली. मग मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीरशास्त्र शिकवत राहिले.

याच काळात घरावर घाला पडला. थोड्या अंतराने त्यांचे दोन सख्खे भाऊ गेले. दुखणं स्प्रूचं. म्हणजे न थांबणारे जुलाब, खाल्लेलं अंगी न लागणं, रक्त आटत जाणं. एक भाऊ डॉक्टर होऊ घातलेला आणि तो काहीच करू शकला नाही. पुढे खुद्द सुब्बारावांनाही तेच दुखणं झालं. डॉ. लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदिक उपचाराने ते त्यातून उठले. पण हे दुखणं का होतं आणि त्यावर नेमकं काय लागतं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात जाऊन बसला तो कायमचा.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या सुरुवातीला ते अमेरिकेला निघाले. सासऱ्यांनी पैसे जमवून दिले, काकीनाड्याच्या एका धर्मादाय संस्थेने मदतीचा शब्द दिला. दोन-तीन वर्षांत परत येतो, असं शेषगिरीला सांगितलं. ती तेव्हा गरोदर होती.

मुलगा झाला. वर्षाचाही न होता तो एका संसर्गाने गेला. बापाने त्याला कधी पाहिलंच नाही. तिकडे बॉस्टनमध्ये बाप रुग्णालयात रात्रपाळीला रोग्यांची भांडी साफ करत होता आणि दिवसा शिकत होता.

इथे मी वाचताना थांबले. परत यायला काय झालं होतं या माणसाला? एक बाई लेकराला मूठमाती देऊन एकटी बसलीय आणि हा तिथे परीक्षानळ्या हलवतोय. पुढे वाचलं तरी उत्तर मिळालं नाही. सुब्बाराव भारतात परत आलेच नाहीत. शेषगिरी वाट पाहत इथेच राहिल्या. थोर माणसाची गोष्ट सांगताना ही रेघ आपण बायकांनी तरी खोडू नये असं मला वाटतं.

हार्वर्डमध्ये सुब्बारावांनी सायरस फिस्के यांच्याबरोबर काम केलं. रक्तातलं, लघवीतलं फॉस्फरस मोजायची त्या दोघांची रीत १९२५ सालची. जगभरच्या प्रयोगशाळांत ती अनेक दशकं वापरली गेली. आपले स्नायू ज्यावर चालतात ते एटीपी नावाचं रसायन वेगळं काढण्याचं कामही त्यांनी केलं. तरी हार्वर्डने कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली या औषध कंपनीत गेले आणि लवकरच तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले. पुढची आठ वर्षं हा माणूस जणू वेळ संपत आल्यासारखा राबला.

पहिलं काम अर्थातच भावांचं. शरीरात रक्त तयार व्हायला लागणारं एक जीवनसत्त्व आहे, हे तोवर अंदाजाने कळलं होतं. त्याचा माग लागला होता आपल्याच मुंबईत. लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण १९२८ मध्ये मुंबईला आली. गिरण्यांतल्या गरोदर बायकांना होणारा जीवघेणा पंडुरोग तिने अभ्यासला. यीस्टचा मार्माइट नावाचा काळपट, खारट लगदा दिला की या बायकांचं रक्त सुधारतं, असं तिला दिसलं. त्या लगद्यात नेमकं काय आहे, ते मात्र कळायचं होतं. पुढे पालकाच्या पानांतूनही तोच पदार्थ निघाला म्हणून पानावरून त्याचं नाव पडलं, फॉलिक ॲसिड. सुब्बारावांच्या चमूने १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केलं. स्प्रूच्या रोग्यांना ते देताच त्यांचं रक्त भरून येऊ लागलं. भावांना जाऊन वीसेक वर्षं झाली होती.

आज आपल्या अंगणवाडीत, शाळेत, उपकेंद्रात ते फॉलिक ॲसिड लोहाबरोबर मिळतं आणि तिथेही मापं पाहा. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या लेकराला सिरप, आठवड्यातून दोनदा, एकेक मिलिलिटर. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी गोळी, आठवड्याला एक. दहा ते एकोणीसच्या पोरापोरींना निळी. गरोदर बाईला लाल, रोजची. पदार्थ तेच, पण सहा महिन्यांच्या बाळाला गोळी गिळता येत नाही आणि गरोदर बाईला सिरपची बाटली पुरत नाही. शोध लावणारा एक असतो, पण तो तोंडापर्यंत पोहोचवायला रंग, चव, चमचा आणि थेंब यांचा विचार करणारी दुसरी माणसं लागतात.

याच फॉलिक ॲसिडमधून दुसरी वाट फुटली. बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांवर उपचार करत. त्या काळी अशी मुलं काही आठवड्यांत जायची. फॉलिक ॲसिडने रक्तपेशी वाढतात, तर त्याला अडवणारं काही दिलं तर कर्करोगाच्या पेशी थांबतील का? सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने तसं औषध करून दिलं. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांचा अहवाल छापला. त्यातल्या १० जणांना काही काळ उतार पडला होता. तोवर असं कुणी पाहिलं नव्हतं. त्या औषधाचा भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट. आजही रक्ताच्या कर्करोगाच्या लांबलेल्या उपचारात लेकरांना त्याची गोळी देतात, तीही उंची-वजनाचा हिशेब करून आणि आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर तीच गोळी घात करते.

तिसरं काम माझ्या अंगाशी आलेलं आहे, अगदी दाताशी!

सुब्बारावांनी बेंजामिन डगर या सत्तरी ओलांडलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला आपल्याकडे आणून त्यांच्या हाती मातीचे नमुने सोपवले. त्या मातीतल्या एका सूक्ष्म जिवापासून ऑरिओमायसिन हे सोनेरी रंगाचं औषध निघालं. ते १९४८ मध्ये जगापुढे आलं. टेट्रासायक्लिनच्या घराण्यातलं हे पहिलं. त्याने लाखो माणसं वाचली.

मी पाच-साडेपाच वर्षांची असताना मला मोठा ताप आला होता. एका दवाखान्यातून मोठ्यांच्या कॅप्सूल मिळाल्या. आई त्या फोडून मधात कालवून मला चाटवायची. आठ-दहा दिवस तरी चाललं. ताप उतरला. पुढे दुधाचे दात पडून नवे आले ते करड्या-पिवळ्या पट्ट्यांचे. आईने राखुंडी लावली, मीठ लावलं, डांबरट मंजन लावलं. काही गेलं नाही. कॉलेजात मी तोंडावर हात धरून हसायचे. मला पाहायला आलेल्या मंडळींपैकी एकींनी तर मुलगी तंबाखू लावते का, असं मामींना बाजूला घेऊन विचारलं. ते स्थळ गेलं, बरंच झालं!

याचं कारण कळायला १९९४ साल उजाडावं लागलं. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. आम्ही लातूरकर त्यातून सावरतोय तोच बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग निघाला, मग सुरतेला निघाला. जो तो टेट्रासायक्लिनच्या मागे. औषधाच्या दुकानांतून कॅप्सूल दिसेनाशा झाल्या. मीही रांगेत उभी राहून एक पाकीट मिळवलं. घरी पाच वर्षांचा मुलगा. म्हटलं, एक कॅप्सूल फोडून अर्धी त्याला चाटवावी, आई चाटवायची तशी. देण्याआधी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना विचारलं तर ते खुर्चीतून उठलेच. आठ वर्षांखालच्या मुलाला हे द्यायचं नसतं म्हणाले. वाढत्या दातांतल्या, हाडांतल्या कॅल्शियमला ते चिकटतं आणि दातांचा रंग जन्माचा बिघडतो. मग त्यांनी माझ्या दातांकडे पाहिलं आणि पुढे काही बोलले नाहीत.

मी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. राग कुणावर धरायचा? दवाखान्यातल्या माणसाला घाई होती. आईने तर जीव लावून चाटवलं होतं. मोठ्यांच्या औषधाचं अर्धं म्हणजे लहानांचं औषध, हा तिचा हिशेब होता. तो तेव्हा घराघरांत होता. आजही आहे.

सुब्बाराव अमेरिकेत शिकत-राबत होते त्याच काळात तिकडे याचा भयंकर धडा मिळाला होता. १९३७ मध्ये सल्फा हे नवं औषध गोळीत मिळायचं. मुलांना गिळता येत नाही, गोड पातळ औषध हवं, म्हणून एका कंपनीने ते डायइथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवलं आणि चव, वास, रंग घातला. शंभराहून अधिक माणसं दगावली, त्यांत कितीतरी लेकरं. त्यानंतर अमेरिकेने कायदा कडक केला. तरी तेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून आलं आणि १४ रुग्ण गेले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपमधून आलं आणि वीसहून अधिक लेकरं गेली. उपचारासाठी त्यांतल्या अनेकांना आपल्या नागपूरला आणलं होतं. गोड आहे, लहान मुलांसाठी आहे, एवढ्याने औषध लेकराच्या मापाचं होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठीच्या आवश्यक औषधांची वेगळी यादी पहिल्यांदा केली ती २००७ मध्ये. तोवर मुलांची औषधं बरीचशी मोठ्यांच्या औषधांचे तुकडे करूनच चालत होती. आता चित्र बदलतंय. जुलाबावरची जस्ताची गोळी पाहा. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात टाकली की विरघळून जाते. सहा महिन्यांखालच्याला अर्धी, वरच्याला पूर्ण, सलग १४ दिवस. न गिळता येणाऱ्या लेकरासाठीच केलेली ती गोळी आहे. आपल्या आज्या सहाणेवर बाळगुटी उगाळायच्या तेव्हा वेढे मोजायच्या. महिन्याच्या बाळाला एक वेढा, मोठं होईल तसे वाढवायचे. गुटीत काय असावं यावर वाद होईल, पण वयाप्रमाणे माप हे त्यांनाही समजलं होतं.

आता हत्तीपायाच्या गोळीकडे येते. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या बेटांवर गेलेल्या हजारो अमेरिकन सैनिकांना हत्तीरोगाची लागण झाली. तेव्हा कुठे श्रीमंत देशाला या गरिबाच्या दुखण्याची काळजी लागली. सुब्बारावांच्या हाताखालच्या चमूने एकामागून एक रसायनं तपासली आणि १९४७ मध्ये डीईसी जगापुढे आणलं, हेट्राझान या नावाने. तोंडाने घ्यायचं, स्वस्त, आणि पुढे पातळ औषधाच्या रूपातही आलेलं. सहकाऱ्यांना पुढे करायचं आणि आपण मागे राहायचं, ही त्यांची सवयच होती. म्हणून गोळी घरोघर गेली, नाव गेलं नाही.

पुढच्याच वर्षी, ८ ऑगस्ट १९४८च्या रात्री सुब्बाराव झोपेतच गेले. वय ५३. हृदय थांबलं. इकडे आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राजवटीत होता, आणि १७ सप्टेंबरला मुक्त झाला. माझी आजी त्या वेळी तरुण होती. त्या वर्षी गोळी जगात होती. आजीच्या गावापर्यंत यायला तिला किती वर्षं लागली, ते मी सांगितलंच आहे. भारत सरकारने १९९५ मध्ये, जन्मशताब्दीला, सुब्बारावांचं टपाल तिकीट काढलं.

मैत्रिणींनो, मी डॉक्टर नाही. पण दातांचं मोल देऊन जे शिकले ते सांगते. मोठ्यांची गोळी अंदाजाने अर्धी-पाव करून लेकराला देऊ नका, माप वजनावर आणि वयावर ठरतं. घरातला चमचा लहानमोठा असतो, म्हणून सिरप बाटलीबरोबरच्या मापानेच द्या. तीन वर्षांखालच्याला अख्खी गोळी कधी देऊ नका. ठसका लागून जीव जातो. जंताची गोळी अशा लेकराला दोन चमच्यांमध्ये चुरून, पाण्यात कालवून देतात. मात्र प्रत्येक गोळी चुरायची नसते, आधी विचारा. लेकराला बसवून द्या, आडवं पाडून, नाक दाबून नको. रडत असेल तर थांबा. आणि औषधाला चॉकलेट म्हणू नका, नाहीतर ते डबा शोधून काढतं.

त्या दुपारी आशाताईंनी नेमकं तेच केलं. चार वर्षांचं पोर रडायचं थांबेस्तोवर त्या थांबल्या. गोळी चमच्यांत चुरली, पाण्यात कालवली, त्याला मांडीवर ताठ बसवलं आणि थोडी-थोडी भरवली. तोंड वाकडं करत त्याने संपवली. भाचेसून बघत होती. मी तिला आजीच्या पायाचं सांगितलं, कापलेल्या जोडव्यांचंही सांगितलं. घरात ती गोष्ट कुणी कधी काढत नसे.

तिने काही न बोलता आपल्या तीन गोळ्या घेतल्या. आमच्या वहिनी मला काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि तांब्या पुढे ओढला.